शुभंकरचं पान

कॉलेजच्या इयरबुकचं डिझाइन उत्कर्षा घुलेच्या गळ्यात पडलं, कारण मीटिंगला उशीर झालेली तेवढी एकटीच होती. गैरहजर माणसावर काम ढकलण्याची कला कोथरूडच्या कॉलेजात चांगलीच मुरलेली आहे. लांबच्या मांजरी गावाहून बस बदलत ती पोचेपर्यंत सगळं ठरूनसुद्धा गेलं होतं.

मग मात्र ती हट्टाला पेटली. परदेशी कॉलेजांची इयरबुकं नेटवर धुंडाळली, चित्रांचा ढीग साठवला आणि त्यातून एक तऱ्हा उचलली. प्रत्येकाचा काळापांढरा फोटो गोलात, भोवती पानाफुलांची नाजूक वेल. ग्रुपवर लाल बदामांचा पाऊस पडला. "एकदम क्लासी यार," असं वर्गातल्या आमोदने लिहिलं, आणि आमोद सहसा कशालाच बरं म्हणत नाही.

घोडं अडलं ते एका पानावर. त्यांच्या वर्गातला शुभंकर गोसावी दिवाळीच्या सुट्टीत बाइकच्या अपघातात गेला होता. त्याच्यासाठी शेवटी वेगळं पान करायचं होतं. "त्याच्या आईला दाखवून ये," इयरबुकचं काम बघणाऱ्या हेमा मॅडमनी बजावलं. "त्या नको म्हणाल्या तर पान वगळायचं. मला कुणाला दुखवायचं नाही."

उत्कर्षाची झोप उडाली. पुस्तक निघेल आणि त्यात शुभंकर नसेल, हे तिला सहन होत नव्हतं. तिने पुन्हा चित्रं गोळा केली. मेणबत्त्या, ढग, पीस, उडणारं कबुतर. कबुतर तर नकोच, शुभंकर त्यांना वर्गातून डस्टर फेकून हाकलायचा. शेवटी मेणबत्ती ठेवली, पण मन खात होतं.

बिबवेवाडीत ती शुभंकरच्या दारापाशी पोचली. काय बोलायचं ते रस्ताभर घोकलेलं, बेल वाजताच सगळं विसरली. शुभंकरच्या आईने, अस्मिताकाकूंनी दार उघडलं, पाणी दिलं, समोर बसल्या. उत्कर्षाने लॅपटॉप पुढे केला.

काकूंनी थेट शेवटचं पान उघडलं नाही. पहिल्यापासून एकेक चेहरा बघत निघाल्या आणि मध्येच थांबल्या.

"ही सगळी मुलं..." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "काय झालं गं यांना?"

उत्कर्षाला आधी कळेचना. मग तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली. शुभंकरचा काळापांढरा फोटो, भोवती चंदनाचा हार. आत्ताच येताना चौकात असाच एक चेहरा फ्लेक्सवर होता, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. अख्ख्या जिवंत वर्गाला तिने श्रद्धांजली वाहून ठेवली होती, आणि दाखवायला आणली होती ती नेमकी या घरात.

"काकू, सॉरी... माझ्या खरंच लक्षात नाही आलं..."

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सगळ्यांच्या आया बघणार आहेत हे," त्या एवढंच म्हणाल्या. "काढ ते हार."

मग त्यांनी शेवटचं पान उघडलं. मेणबत्ती पाहिली.

"हे नको."

संपलं, असं उत्कर्षाला वाटलं. तरी धीर करून तिने विचारलं, "म्हणजे... त्याचा फोटो नाहीच टाकायचा?"

"टाक की! पण वेगळा का बसवतेस? वर्गात काय एकटा बसायचा?"

काकूंनी मोबाइल काढला. त्यांना फार शोधावं लागलं नाही. तोंडात पोह्यांचा तोबरा, केस पिंजारलेले आणि डोळे मिटून हसणारा शुभंकर.

"हा घे. रंगीतच राहू दे. नंबराप्रमाणे लावता ना फोटो? मग त्याच्या शेजारी कोण येतं?"

"मीच," उत्कर्षा म्हणाली. "गोसावी, मग घुले."

काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं. ती घरात शिरल्यापासून पहिल्यांदाच.

"मग तुझाही हसरा फोटो लाव हं. रडकं तोंड शेजारी असलं की त्याला करमायचं नाही."

हो म्हणायला उत्कर्षाने तोंड उघडलं आणि तिला रडूच कोसळलं.