शेंड्याचा आकडा, बुडाची फांदी

वरच्यांनी कितीही ऊन अडवलं तरी खालच्यांनी विचारायचं नाही. मी फुटले त्या दिवशीच हा नियम ऐकला. मी या झाडाची सगळ्यात खालची फांदी बोलतेय. वय नऊ वर्षं. पानं उरलीत सात.

तीन वर्षांपूर्वी माणसांनी झाडाभोवती नळ्यांचं कडं बसवलं. त्यातून दिवसभर कार्बन डायऑक्साइड सुटतो. पुढे सगळीकडची हवा अशीच होणार, तेव्हा झाडांचं काय होईल, ते त्यांना आत्ताच बघायचंय.

पहिल्या वर्षी मेजवानीच वाटली. वरची पानं उन्हात बसून वायू ओरपत होती. माझ्या वाट्याला फक्त कवडसे, पण तेवढ्यातही चार घास जास्त मिळायचे. मी खुळी, हरखले. मग वरची पानं दाट झाली आणि कवडसे मिटले. मातीतला नत्रही त्यांनीच ओढला. शिधा दारात आणि चूल विझलेली, अशी माझी गत झाली.

माणसांचाही नियम तोच. यंत्राच्या पाळण्यात बसून वर जायचं, शेंड्याचं पान चिमट्यात धरून ते किती वायू घेतं ते मोजायचं, आणि तोच आकडा अख्ख्या झाडाचा म्हणून लिहायचा. हा प्रयोग चालवणारे सर वीस वर्षं झाडाझाडांवर हेच करतायत. झाडं सगळा वायू पिऊन टाकतील असं कुणी सांगितलं, तर एवढंच विचारा: कुठलं पान मोजलंत?

सरांच्या हाताखाली शिकणारी मुलगी मात्र गुडघे टेकून मला मोजायची. आजही मोजत होती. यंत्रं सांभाळणारे मामा करवत घेऊन आले.

"पोरी, शेंडा सोडून बुडाशी काय शोधतेस?"

"मामा, हीपण याच झाडाची ना?"

"आहे, अजून तासभर. पाळण्याला आडवी येते."

मागून सर आले, अहवाल घेऊन. "वायू वाढला तरी झाड जोमात, असं लिहिलंय. कर सही."

"खालच्या पानांचे आकडे कुठायत, सर?"

"त्यांनी चित्र बिघडतं. आणि तुझ्या प्रबंधावर माझी सही लागते, विसरू नकोस."

तिनं माझं पान चिमट्यातून हळूच सोडवलं. तिच्या सहीवाचूनही अहवाल जाणार, नळ्या चालू राहणार, करवत फिरणार. मला कळत होतं. तिलाही.

"मग नका करू," ती म्हणाली. "मीही करत नाही."

सरांनी मामांकडे पाहिलं. मामांनी करवतीकडे.