राखणदाराचा भोंगा

आमचे हे माझ्याशी जेवढं बोलले नसतील, तेवढं डिझेलच्या इंजिनाशी बोलले. मी कुरकुरले की म्हणायचे, ते तरी उलट बोलत नाय.

कोकण रेल्वेसाठी सावंतवाडीजवळचा आमच्या गावचा कातळाचा सडा मधोमध कापला, तेव्हा गाव राखणाऱ्या देवाचं, राखणदाराचं झाड तेवढं रुळांच्या कडेला वाचलं. पुढे ह्यांना त्याच रेल्वेत इंजिन चालवायची नोकरी लागली. सासूबाईंनी झाडाखाली गाऱ्हाणं घातलं: माझा बाबू येताजाता तुला भोंगा देईल, त्याला सांभाळ. शेवटच्या खेपेला त्याच्या भोंग्यावर मी तुझा नारळ फोडीन. तेव्हापासून एक लांब आणि दोन आखूड भोंगे आमच्या घरात ऐकू यायचे. सासूबाई हात जोडायच्या, मी भाताचा टोप चढवायची.

मग रुळांवर विजेच्या तारा आल्या आणि डिझेलची इंजिनं एकेक करून गेली. ह्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यातच ह्यांचं इंजिनही कोकणातून कायमचं निघालं. साहेबांना गळ घालून ते पोचवायचं काम ह्यांनी मागून घेतलं. मला बजावलं, दुपारी आयेला झाडाकडे घेऊन ये.

सासूबाईंना आता दिसत नाही, कान मात्र तिखट. नवं लुगडं नेसून, नारळ धरून त्या उन्हात उभ्या राहिल्या. तेवढ्यात ह्यांचा फोन आला. मी जरा बाजूला गेले.

"किशोरी, इंजिन बंद करून विजेच्या इंजिनामागे जोडल्यानी. भोंगो हवेर वाजता. बंद इंजिनात हवा खंयची?"

सगळी नोकरी इंजिनात काढलेला माणूस, आणि हे ह्याला आज सुचलं! मी संतापले. पुढच्या ड्रायव्हरला वाजवायला सांगा म्हटलं. त्याला सांगितलंय, म्हणाले, पण आये ओळखतली.

गाडी आली. पुढच्या भल्या माणसाने सांगितल्याप्रमाणे एक लांब, दोन आखूड भोंगे दिले, पण आवाज किरटा. त्याच्यामागे आमचं इंजिन, मुकं. खिडकीत हे होते. एका हाताने भोंग्याची मूठ खेचत होते आणि तोंड उघडून ओरडत होते. गाडीच्या घरघरीत मलाही काही ऐकू आलं नाही.

सासूबाईंनी वर उचललेला नारळ खाली घेतला.

"ह्यो माझो बाबू नाय गो."

तोच होता, एवढंच सांगायचं होतं.  पण सांगितलं असतं तर शेवटची खेप त्याच्या भोंग्याविना गेली असं ठरलं असतं आणि त्यांचा शब्द मोडला असता, तोही देवाला दिलेला.

"नाय, आये," मी म्हटलं.

"मगे वाट बघत रवया. भोंगो दिल्याशिवाय तो जावचो नाय."

नारळ मांडीवर घेऊन त्या झाडाखाली बसल्या. मीही शेजारी बसले. आता घरी चला, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?