चोर न शिवलेली कलिंगडं

सिद्रामप्पाच्या कलिंगडांना सीना नदीच्या काठी तोड नव्हती. एकेक फळ उचलायला दोघं लागायचे आणि खायला अख्खं वऱ्हाड. चवीबद्दल कुणी बोलत नसे. एवढ्या थोराड फळापुढं चवीची गोष्ट काढायची छातीच नव्हती कुणाची.

त्याचा पोरगा चन्नवीर मात्र भलत्याच नादाला लागला. दुष्काळ सरला, नदीला पुन्हा पाणी आलं, तसं या पठ्ठ्यानं सोलापुरातून 'शुगर बेबी' नावाचं बी आणून वाळूतल्या एका पट्ट्यात टोकलं. वर आणखी एक खूळ. वेलाला दोनच फळं ठेवायची, बाकीची सुपारीएवढी असतानाच खुडून टाकायची. ते बघून सिद्रामप्पा बांधावरनं ओरडायचा.

"आरं, येलाची लेकरं मारतोस व्हय रं?"

"अप्पा, दोनच ठिवली की सगळा गोडवा त्यांच्यात उतरतोय."

फळं धरली. काळपट हिरवी, गोल गरगरीत, शहाळ्याएवढी झाली आणि तिथंच थांबली. सिद्रामप्पानं एक तळहातावर तोललं आणि सगळ्या नदीला ऐकू जाईल असा हसला. "हे खायाचं, का पोरांनी चेंडू म्हणून खेळायचं?"

आता त्या गावची एक रीत. कलिंगड पिकलं की भर दुपारी, राखणदाराला डुलकी लागली की, कुणीतरी ते चोरायचंच. मग मालकानं वाळूच्या ढिगावर चढून चोराला मनसोक्त शिव्या घालायच्या. शिव्या ऐकल्या की गाव समजायचं, याचं फळ चांगलं उतरलं. ज्याच्या मळ्यातून शिमग्यापर्यंत एक शिवी निघाली नाही, त्यानं खुशाल तोंड लपवून हिंडावं.

सिद्रामप्पानं तिथंच पैज मारली. "शिमग्याच्या आत तुजं एक फळ चोरीला गेलं तर पट्टा तुजा, काय पायजे ते पेर. न्हाई गेलं, तर जलमभर माजंच बी पेरायचं, आन् गप ऱ्हायचं. घरच्यानं चोरलेलं धरायचं न्हाय, सांगून ठिवतो."

झालं! चन्नवीर चोराची वाट बघायला लागला. कुंपणाच्या काट्या काढल्या. कुत्रं घरी बांधलं. दुपारी तोंडावर पटका टाकून मुद्दाम मोठ्यानं घोरू लागला. म्हसरं राखणारे आले, फळं बघून म्हणाले, "कच्ची हायती की, वाढू द्या." आणि खुशाल सिद्रामप्पाच्या मळ्यात घुसले. तिकडून लगेच शिव्या सुरू झाल्या, एकेक शिवी अशी, की ऐकणाऱ्यानं कान धुवावेत. चन्नवीरला रडू यायचं बाकी राहिलं. देठाजवळची तार वाळली होती, म्हणजे फळ आतून साखर झालं होतं, आणि चोर मेले डोळ्यांनी खात होते!

"अवो, मीच एक चोरू का?" त्याची बायको शिवबाई म्हणाली.

"घरचं चालत न्हाय म्हणालेत अप्पा."

शिमग्याच्या आदल्या दुपारी चन्नवीर घरून जेवून आला आणि जागच्या जागी उडाला. पाठीमागच्या ओळीतली फळं गायब! वाळूत पुरलेल्या साली सापडल्या, पार पांढऱ्यापर्यंत खरवडलेल्या. पोरगा आनंदानं वेडा झाला. ढिगावर चढला आणि सुरू झाला. "मुडद्या, तुज्या नरड्यात बी अडकू दे! तुजं प्वाट नगाऱ्यावानी फुगू दे!"

गाव गोळा झालं. "चन्नवीरचं उतरलं की वो!" सिद्रामप्पा आपल्या खोपटातून बाहेर आला आणि मिशी पुसत उभा राहिला. चन्नवीरला आणखी चेव आला. चोराचा आजा झाला, पणजा झाला, मग त्यानं चोराच्या बापाला धरलं.

"बास की!" सिद्रामप्पा कडाडला. "चोराला घाल काय घालायच्या त्या. त्याच्या बापाला कशाला मधी वडतोस? बिचारा लिंगपूजा केल्याबिगर पानी पीत नव्हता!"

चोराचा बाप कोण, हे अप्पाला कसं ठाऊक? चन्नवीर उतरला आणि पाणी प्यायच्या निमित्तानं अप्पाच्या खोपटात शिरला. घागरीमागं पोत्यावर राख फासलेलं शुगर बेबीचं बारीक बी वाळत घातलं होतं. अप्पा राख फासायचे ती फक्त पेरायच्या बियाला. जन्मात कधी पोराला 'बरं केलंस' म्हणाले नव्हते, आणि हे काय? चन्नवीरनं पोतं हळूच आणखी आत सरकवलं.

बाहेर कुणीतरी विचारत होतं, "मग पट्टा कुणाचा, अप्पा?"

"त्याचाच की," नदीकडं बघत म्हातारा गुरगुरला. "चोर लागला न्हवं?"

शिवबाईनं नवऱ्याच्या कानाशी लागून विचारलं, "कोण हो चोर?"

"आसंल कुनीतरी भायेरचा," चन्नवीर म्हणाला. मग पुन्हा ढिगावर चढला आणि राहिलेल्या शिव्या सगळ्या घातल्या. चोराच्या बापाला तेवढं सोडलं.