नेव्हचा ठेका

म्हातारपणी आमच्या रॉक बँडला डबल अल्बमचं खूळ लागलं. खूळ अर्थातच रोलंडचं. तो गाणारा, त्यामुळे आपल्या डोक्यात आलेलं सगळं जगाला ऐकवलंच पाहिजे, असं त्याला वाटतं. तो पोर्तुगालमध्ये उन्हात बसून गातो, गिटारवाला कॅनडात, आणि मी इथे इंग्लंडात, हॅनलीत, मागच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून बास गिटार वाजवतो. माझी बायको शीला गेल्यापासून घरात दुसरा आवाज नाही. सगळ्यांचे तुकडे कॉम्प्युटरवरून येतात-जातात. दोन तबकड्या भरत आल्या तरी आम्ही एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

शेवटचं गाणं अख्खी एक बाजू खाणारं. ते तरी आमच्या ड्रमरबरोबर, नेव्हबरोबर, समोरासमोर वाजवायचं असा मी हट्टच धरला. तो बसने अर्ध्या तासावर राहतो. तरुणपणी दौऱ्यावर गाडीत एका पांघरुणात झोपलोय आम्ही.

"राहतोस इथे आणि भाव खातोस कॅनडाचा," मी फोनवर म्हणालो.

"गुडघे दुखतात रे."

"माझेही दुखतात. चीज घालून ओटकेक आणतो. मुकाट्याने ये."

चर्चमागचा हॉल घेतला. नेव्ह आला, ड्रमशी बसला आणि आम्ही सुरुवात केली. खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटलं. किती दिवसांनी माझ्या वाजवण्याला समोरून कोणीतरी उत्तर देत होतं. मग त्याच्या हातातली काठी पडली. त्याने उचलली, पुन्हा वाजवायला लागला, पुन्हा पडली. त्यानंतर त्याने ती उचललीच नाही.

"हात थरथरतो," तो म्हणाला. "बरेच दिवस झाले. थोडं थोडं वाजवतो, पोरगी कॉम्प्युटरवर जोडते."

"रोलंडला माहीत आहे?"

"सगळ्यांना माहीत आहे. तुला सांगू नका म्हणून मीच बजावलं होतं."

माझं डोकंच फिरलं. "मीच तेवढा परका?"

"तुला कळलं असतं तर मला सांभाळून घेत वाजवलं असतंस. मी धडधाकट आहे असं समजून अंगावर येणारा एक तरी माणूस हवा होता, विल्फ."

आम्ही ते ओटकेक, आमच्याकडची ओटच्या पिठाची धिरडी, गारच खाल्ले आणि त्याने बस धरली.

दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीने जोडलेला ठेका आला. त्यावर मी बास वाजवला, नेहमीसारखाच, निदान मला तसं वाटलं, आणि सगळ्यांना पाठवून दिला. दुपारी नेव्हचा फोन आला.

"सांभाळून घेतलंस."

"नाही रे."

"जन्मभर ऐकतोय तुला. पुन्हा वाजव." त्याने फोन ठेवला.

तेव्हापासून रोज वाजवतोय. रोलंड तिकडे खवळलाय, सगळा अल्बम माझ्यापायी अडलाय. चिडून वाजवून पाहिलं, बिअर घेऊन पाहिलं. नेव्हला फोन करायचीही आता लाज वाटते. ठेका सुरू झाला की माझी बोटं आपोआप मऊ पडतात.