दोरीच्या पलीकडचा बर्फ

आडवी कापलेली तेलाची टाकी.

सॉनाच्या भट्टीतले तडकलेले दगड, लाकडी खोक्यात भरलेले.

राखाडी लोकरी मोज्याचे धागे, उंदराने कुरतडून गोल गुंडाळलेले.

काळ्या बेरींचा रस, कढत, पत्र्याच्या मगात.

एक दोरी. तिला जागोजाग लाल चिंध्या.

मित्रांनो, या वस्तूंचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तुम्हांला वाटणार नाही. पण यांतलं काही माझ्या पुढे जोडलेलं आहे, काही मागे, आणि एक तर थेट पोटात सापडलं. मी एक जुना ट्रॅक्टर आहे. शेतातला मोठा नव्हे, बागेतला. उंचीने वासराएवढा, एकाच सिलिंडरचा, रंगाने एके काळी पिवळा.

माझा जन्म विस्कॉन्सिनातल्या एका कारखान्यात झाला. जन्माचं फारसं आठवत नाही. ओतीव लोखंड थंड होताना टिकटिक वाजतं, तो आवाज तेवढा आठवतो. खरं आयुष्य सुरू झालं ते मिशिगनच्या वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी, उर्हो कांगासने माझ्या बॉनेटवर थाप मारली तेव्हा. तो लाकडाच्या गिरणीत कामाला होता. तळहात फळीसारखे. मला सुरू करण्याआधी तो दर वेळी दोन थापा मारायचा आणि म्हणायचा, "नो नीन." त्याच्या आजोबांनी फिनलंडहून आणलेले शब्द. म्हणजे चला, लागू या.

मी गवत कापलं. बटाट्याची जमीन उकरली. सरोवराच्या काठावरून गाडीभर गोल दगड ओढून आणले, ते सॉनाच्या भट्टीवर रचले गेले. अंगणाच्या टोकाला ती लाकडी सॉना होती, तापल्या दगडांवरच्या वाफेत बसायची खोली. शनिवारी दुपारी तिच्या धुराड्यातून धूर निघाला की शेजारीपाजारी टॉवेल खांद्यावर टाकून यायचे, आत बसून घाम काढायचे, आणि लालबुंद होऊन बाहेर आले की उर्होची बायको तायमी प्रत्येकाच्या हातात बेरीच्या गरम रसाचा मग द्यायची. त्या बेरींची झुडपं घराच्या वाटेच्या डाव्या कडेला होती. उर्होनेच लावलेली. रोपं माझ्यामागच्या गाडीतून आली होती.

उन्हाळ्यातल्या मोठ्या सणाला पोरं माझ्या गाडीत बसून शेकोटीपर्यंत जायची. पाहुणे म्हणायचे, "काय गुणी यंत्र आहे!" उर्हो म्हणायचा, "माझ्यापेक्षा कमी बोलतं, म्हणून बायकोला आवडतं."

बर्फाचं काम मात्र त्याने मला कधीच दिलं नाही. हिवाळा लागला की मला झाकायचा आणि स्वतः रुंद पत्र्याचं फावडं लोटत वाट मोकळी करायचा. खिडकीतून तायमी ओरडायची, "अरे, तो ट्रॅक्टर काय देवघरात ठेवायला आणलाय का?" तो हसायचा. खिडकीतलं ते ओरडणं आणि त्याचं ते हसणं मी अजून ऐकतो. कुणी बोलत नसताना जास्त ऐकू येतं.

मग एका वसंतात उर्हो दवाखान्यात गेला. त्याचा कोट परत आला, तो आला नाही.

मला सॉनामागे पत्र्याखाली ढकलून ठेवलं. टायर बसले. बॅटरी मेली. पाय ठेवायच्या पट्टीतून बर्चचं रोपटं वर आलं. इंजिनाच्या झाकणाखाली उंदरीण राहायला आली. उर्होचा मोजा कुरतडून तिने घरटं केलं. मित्रांनो, खरं सांगतो, मी तिला बोल लावत नाही. तेवढीच त्याची ऊब होती.

चाकाशेजारी भट्टीतले जुने, तडकलेले दगड पडले होते. फुटले तरी उर्हो ते फेकायचा नाही. आम्ही एकमेकांकडे बघत राहायचो. दर शनिवारी भिंतीपलीकडे भट्टी पेटायची, आणि मी त्या थापांची वाट पाहायचो. नो नी—

नो नी—

थांबा. गार इंजिन आहे. जरा चोक ओढावा लागतो.

हं.

एका ऑक्टोबरात पत्रा उचलला गेला. उजेडात उर्होचा भाऊ रेयनो उभा होता, लाकूड वाहणारे मोठे ट्रक दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला. त्याच्यामागे तायमी.

"होईल का चालू?" तिने विचारलं.

"आपण दोघं चालू आहोत, मग हा का नाही होणार?"

"थट्टा पुरे. काइसा म्हणालीय, या हिवाळ्यात एकदा जरी गाडी दारापर्यंत येऊ शकली नाही, तर ती मला मार्केट शहरात राहायला घेऊन जाईल. चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे म्हणे, आणि सामायिक बैठकीची खोली."

"आणि सॉना?"

"तळघरात. विजेवर चालणारी."

रेयनोने टोपी काढली, डोकं खाजवलं. "विजेवर," तो म्हणाला, जणू कुणाचं आजारपण ऐकलं असावं. "पाना दे इकडे."

काइसा ही तायमीची मुलगी. वाईट नव्हती. आई एकटी, वाट लांब, आणि उर्होनंतर ज्याची गाडी बर्फ काढायची तो शेजारी गाव सोडून गेलेला. तिचा जीव टांगणीला लागणारच.

रेयनोने माझ्या पोटातून घरटं काढलं. धागे तायमीने हातात घेतले, ओळखले, आणि एप्रनच्या खिशात ठेवले. त्याने जुनं पेट्रोल काढलं, त्याचा राळेसारखा चिकट गोळा झाला होता. कार्बोरेटर उघडून उकळला. ठिणगीचे पॉइंट घासले. चाकांना साखळ्या चढवल्या. घरामागची जुनी तेलाची टाकी आडवी कापून तिचं बाकदार पातं केलं, आणि खालच्या कडेला ट्रकच्या कमानीचा एक पाटा जोडला. ते पातं माझ्या नाकापुढे बसलं तेव्हा माझी मागची चाकं हलकी पडून घसरू लागली.

"मागे वजन हवं," रेयनो म्हणाला आणि माझ्या पाठीवर एक लाकडी खोका बांधला. "तू बसतेस का खोक्यात?"

"मी बसले तर पुढची चाकं उचलतील. हे घे." तिने भट्टीच्या तडकलेल्या दगडांकडे बोट दाखवलं.

असे ते दगड माझ्या पाठीवर आले. सरोवरापासून मीच त्यांना ओढून आणलं होतं.

पहिल्या बर्फाच्या आधी तायमीने वाटेच्या डाव्या कडेला खुंट्या ठोकल्या आणि दोरी बांधली. तिला लाल चिंध्या लावल्या. दोरीच्या पलीकडे उर्होची झुडपं.

"याच्या पलीकडे बर्फ जाता कामा नये," ती म्हणाली.

रेयनो दोरीकडे बघत राहिला. उजवीकडे दगडी बांध आणि लाकडाच्या रासा, तिथे बर्फ टाकायला जागाच नाही. आणि इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की पहिला बर्फ लांब लोटायचा असतो. कडेला ठेवला तर तो गोठून भिंत होतो, पुढचा बर्फ त्या भिंतीच्या अलीकडे पडतो, आणि वाट आत आत येते.

"तायमी, पहिला बर्फ—"

"मला माहीत आहे पहिला बर्फ कसा लोटतात. माझं लग्न इथेच झालंय."

"बरं बाई. तुझी झुडपं, तुझा हुकूम."

सुरुवातीला मला फार अभिमान वाटला. ज्या कामासाठी मी बनलो नव्हतो ते मी करत होतो! इंजिन धडधडायचं, पात्यापुढे बर्फ गुंडाळत जायचा, रेयनोच्या मिशांना हिमकण लटकायचे. डिसेंबरात वाट छान रुंद होती. नाताळाला काइसा आली, गाडी थेट दाराशी लावली, वेलदोड्याचा पाव खाल्ला, आणि मला बघून म्हणाली, "काका, हा तर वस्तुसंग्रहालयातून पळून आलाय."

"मीही," रेयनो म्हणाला.

जानेवारीत दोरी दिसेनाशी झाली. तिच्या कडेकडेने डावीकडे बर्फाची भिंत उभी राहिली, पुरुषभर उंच. प्रत्येक वादळानंतर ती थोडी आत सरकलेली असायची. मी पातं तिरकं करून तिला घासायचो. ती दगडाची झाली होती. गवताचा वास आठवून आठवून मी धावायचो आणि आदळून मागे यायचो.

फेब्रुवारीत सरोवरावरून सलग बर्फ आला. थांबला तेव्हा वाटेवरून माझं पातं जेमतेम जात होतं. त्यात साचलेला बर्फ लोटायला आता कुठेच जागा उरली नव्हती. मोटारीचं तर नावच नको. आणि दुसऱ्या दिवशी शनिवार. काइसा येणार होती.

तायमी बूट घालून बाहेर आली. भिंतीपुढे उभी राहिली.

"फोडावी लागेल," रेयनो म्हणाला. "मी पहारीने फोडतो, ढेकळं याने पलीकडे लोटायची. पण पलीकडे म्हणजे..."

"मला कळतं पलीकडे म्हणजे काय."

"मोडतील ती, तायमी."

"सारखं सांगू नकोस."

तिने एप्रनच्या खिशात हात घातला. आत काय होतं ते मला ठाऊक होतं.

"तो दर शरदात ती बांधायचा," ती म्हणाली. "एकेक फांदी जवळ घेऊन, सुतळीने. बर्फाने फाटू नयेत म्हणून. यंदा मी विसरले. म्हणून दोरी बांधली. म्हटलं, निदान एवढं तरी..." मग एकदम तिचा आवाज बदलला. "तू पहार मारणार, मग ट्रॅक्टर कोण चालवणार?"

"तेच विचारतोय."

"मला त्याने कधी बसू दिलं नाही यावर. म्हणायचा, तू कुंपणात घालशील."

"घालशीलच."

"मग चांगलंच आहे की! आज तेच तर करायचंय." तिने सीटवरचा बर्फ झाडला आणि बसली. हलकी होती, पाखरासारखी. माझ्या बॉनेटवर हात ठेवला. थाप एकच पडली, हातमोज्यातली, मऊ.

"नो नीन," ती म्हणाली.

मित्रांनो, मी पहिल्या झटक्याला सुरू झालो. माझ्या आयुष्यात असं फार क्वचित घडलं आहे.

रेयनो पहारीने भिंत फोडत गेला, मी ढेकळं लोटत गेलो. तायमी गिअर चुकवायची, मग मला आणि उर्होला मिळून शिव्या द्यायची. दोरी तुटली तेव्हा लाल चिंधी क्षणभर पात्यावर फडफडली. मग पात्याखाली काटक्या मोडल्याचा आवाज आला. बर्फातही तो ऐकू येतो. तिने ब्रेक दाबला नाही. मी थांबलो असतो, खरंच थांबलो असतो, पण तिचा पाय भक्कम होता.

शनिवारी काइसाची गाडी दाराशी आली.

"आई, वाट केवढी रुंद झालीय! पण बाबांची झुडपं?"

"खाली आहेत," तायमी म्हणाली. "टॉवेल आणलास का? सॉना तापलीय."

त्या शनिवारी बरणीतल्या शेवटच्या रसाचे दोनच मग झाले. तायमीने स्वतःसाठी पाणी घेतलं. काइसाने आपला अर्धा रस तिच्या मगात ओतला, आणि चौथ्या मजल्याचं नाव त्या हिवाळ्यात पुन्हा काढलं नाही.

एप्रिलअखेर बर्फ उतरला. झुडपं जमिनीशी चिरडलेली होती. तायमीने मोडकं सगळं छाटलं, धड फांद्यांची कलमं केली, माझं पातं सोडवून मागे गाडी जोडायला लावली, आणि आम्ही ती सॉनाच्या दक्षिणेला नेऊन लावली, वाटेपासून दूर. दोन वर्षं तरी बेरी धरणार नाहीत. शनिवारी आता पाहुण्यांना कॉफी मिळते. प्यायल्यावर प्रत्येक जण मगाच्या तळाशी बघतो. मीही वाट बघतो आहे.

तुमच्या घरामागे, पत्र्याखाली, माझ्यासारखं कुणी पडलं असेल तर त्याचं जुनं पेट्रोल काढून टाका, उंदरांचं काय ते बघा, आणि त्याला काहीतरी काम द्या. नेहमीचं नसलं तरी चालेल. निघण्याआधी एक थाप मारा. नुसतं झाकून ठेवलेलं आम्हांला सोसत नाही.

उर्हो ती झुडपं लावत होता त्या दिवशी तायमी खिडकीतून म्हणाली होती, वाटेच्या फार जवळ लावतोयस, आणि तो म्हणाला होता, पुढच्या वर्षी हलवू.