पुस्तकातले ‘हे’

“आवाज पोटातून काढ, शालन. ओठातल्या ओठात वाचलेलं ओसरीच्या खाली उतरत नाही.”

चाकणच्या शाळेत शिकवणाऱ्या सावित्रीबाईंचा हा आवाज. सातवीच्या वर्गात कधीकाळी ऐकलेला. पण पान उलटायला बोट ओलं केलं की अजून कानाशी यायचा. शालननं मांडीवरचं पुस्तक सारखं केलं, पदर खोचला आणि कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचायला घेतलं.

कासारवाडीच्या चाळीपुढं दुपार पेंगुळली होती. माघाचं ऊन सायीसारखं मऊ. उन्हात गवराबाईंची वाकळ पसरली होती, आणि एका कडेनं म्हाताऱ्या गवराबाई, दुसऱ्या कडेनं इंदुताई टाके घालत घालत एकमेकींकडे सरकत होत्या. इंदुताईंचे यजमान पुण्याच्या कचेरीत कारकून. ही कादंबरी त्यांनीच तिथल्या वाचनालयातून आणली होती. अर्धं पुणं म्हणे तिच्यापायी वेडं झालं होतं. इंदुताईंना वाचता येई; पण चार ओळी वाचल्या की त्यांचाच गळा दाटे, म्हणून वाचायचं काम शालनकडं आलं होतं.

त्यात एक पंचाईत होती. कादंबरीच्या नायकाचं नाव दौलतराव, आणि शालनच्या नवऱ्याचं नाव दौलत. नवऱ्याचं नाव घ्यायचं ते हळदीकुंकवाला, उखाण्यात, लाजत एकदा. एका पानात सात वेळा कसं घ्यायचं? पहिल्याच दिवशी ती पहिल्याच ओळीत अडली.

“अगं, वाच की. घास अडकला का?” गवराबाई म्हणाल्या.

इंदुताईंनी पुस्तकात डोकावून पाहिलं आणि सुई हातातच ठेवून त्या हसत सुटल्या. शेवटी असं ठरलं, की नाव येईल तिथं शालननं नुसतं ‘हे’ म्हणायचं. मग ‘हे’ घोड्यावर बसले. ‘हे’ चांदण्यात जाईच्या मांडवाखाली उभे राहिले. ‘हे’ म्हणाले, मृणालिनी, तुझ्या पापण्यांच्या सावलीत मला जन्मभर विसावू दे.

“चला, तुझे हे घोड्यावर तरी बसले बाई,” गवराबाई म्हणायच्या. “एरवी सायकलची चेन पडली की सायकललाच धरून चालत येतोय बिचारा.”

शालन हसायची. पण ‘हे’ म्हणता म्हणता आतल्या आत काहीतरी होत गेलं. पुस्तकातल्या नायकाचा रेशमी अंगरखा हळूहळू विरला आणि त्याजागी तेलाचे डाग पडलेला खाकी सदरा आला. मांडवाखाली तो उभा राही, तेव्हा त्याच्या हातात सायकल असे. आणि घरी आलेला दौलत पाय धुऊन, काही न बोलता भिंतीला टेकून बसला की शालनला वाटे, याच्या जिभेवरही ती जाईची वाक्यं आहेत. फक्त तो बोलत नाही, एवढंच. सबंध पौष तिचा असा तरंगत गेला. चूल पेटवताना, नळावर हंडा भरताना, एक दुसरं आयुष्य तिच्या पावलांखाली वाहत असे.

आणि मग ती संध्याकाळ आली. पुढं काय होतं ते राहवेना, म्हणून तिनं एकटीनंच दिव्याच्या उजेडात चार पानं वाचली. ‘हे’ तापानं फणफणले होते, वैद्यानं मान हलवली होती. शालनचे डोळे घळघळा वाहू लागले, आणि नेमका तेव्हाच दौलत दारात उभा राहिला.

“काय झालं?”

“काही न्हाई.”

तिनं पुस्तक पाटीखाली सरकवलं. गोष्टीतल्या माणसासाठी रडले, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? तो थोडा वेळ तिच्याकडं पाहत राहिला आणि पाय धुवायला गेला.

त्यानंतर तो आणखीच गप्प झाला. परवा जेवताना म्हणाला, “तुझा जीव रमत न्हाई हितं, दिसतंय मला. गावाकडं जाऊ. थोरल्या दादाला बोललोय. उद्या-परवा साहेबाला सांगून नोकरी सोडतो.”

शालनच्या ओठाशी शब्द आले होते. पण कदाचित त्यालाच जायचं असेल, मातीची ओढ असेल, आपलं नुसतं निमित्त करत असेल, असंही वाटलं. ती “बरं” म्हणाली. शिवाय तिच्या मनात एक वेडी आशा होती. मृणालिनीही काही बोलत नव्हती. तीनशे पानांत तिनं एकदाही आपलं मन उघडं केलं नव्हतं. तरी शेवटी ते ‘यांना’ कळणारच. न सांगता कळणं हेच तर प्रेम, असं पुस्तक पानोपानी सांगत होतं. तिथं कळलं, तर इथंही कळेल.

म्हणून शेवटचं प्रकरण वाचताना शालनचा आवाज आज जरा कापत होता.

तापातून उठलेले ‘हे’ परदेशी निघाले. घोडा दाराशी आला. मृणालिनी पडद्याआड उभी राहिली. चांदणं होतं, जाई होती, वाऱ्याची झुळूक होती, चार पानं भरून होती. शालन एकेक ओळ उतरत होती, आता वळून पाहतील, आता विचारतील. घोड्याच्या टापा दूर गेल्या. तिचं मौन हीच तिची पूजा होती, असं शेवटचं वाक्य होतं. त्याच्याखाली ‘समाप्त’.

तिनं पान उलटून पाहिलं. मागं कोरा कागद.

इंदुताईंनी पदरानं डोळे टिपले. “किती सुंदर केलाय गं शेवट! अगदी आत काहीतरी हललं बघ.”

गवराबाईंनी दोरा दातानं तोडला आणि सुरात म्हटलं,

“गेला गेला घोडा, धूळ उडाली गावाला,
मागं वळून बघाया मान नव्हती का रावाला?”

“काहीतरीच तुमचं, गवराबाई. त्याला काय माहीत, ती पडद्यामागं आहे ते?”

“मग तिनं खाकरायचं तरी. तिचं तोंड का मी शिवलं हुतं?”

“शालन, तू तरी सांग यांना. आवडलं की नाही तुला?”

शालन पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरनं बोट फिरवत राहिली. लोणावळ्याकडची गाडी धडधडत गेली.

“नाही, इंदुताई,” ती म्हणाली. “फसवल्यासारखं वाटलं.”

“अगं, पण पुण्यात या पुस्तकासाठी लोक ताटकळत बसतात!”

“बसू देत. एका वाक्याचं काम होतं. तेवढं ती बोलली असती तर ‘हे’…” ती थांबली. “तर ते गेले नसते.”

इंदुताईंना जरा रागच आला. त्यांनी पुस्तक पदराखाली घेतलं आणि सुई ओवली.

कारखान्याचा भोंगा झाला, दिवेलागण झाली. दौलत आला, पाय धुतले, पाटावर बसला. शालन चुलीपुढं भाकरी थापत होती.

“उद्या सांगून टाकतो साहेबाला,” तो म्हणाला. “सकाळीच.”

तिनं तव्यावर भाकरी टाकली, पाणी फिरवलं.

“अवं.”

“काय?”

“त्या दिवशी मी रडत हुते, ते गावासाठी न्हाई.”

“मग? कुणी बोललं का काय?”

“पुस्तक वाचत हुते. इंदुताईंचं. त्यातला एक माणूस लई आजारी पडला हुता.”

दौलत तिच्याकडं बघतच राहिला. “कोण माणूस?”

शालननं मान खाली घातली. “तुमच्याच नावाचा.”

 त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. “आन् मग? जगला का मेला?”

“जगला. पण निघून गेला.”

“का?”

“तिनं काही सांगितलंच न्हाई त्याला.”

“येडी हाय का ती?”

“व्हय,” शालन म्हणाली.

भाकरीची कड करपल्याचा वास सुटला. तिनं घाईनं ती उतरवली, त्याच्या ताटात ठेवली, आणि पुढची थापायला घेतली नाही. पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवून ती त्याच्याकडं वळली.

“तुमाला जायचं असंल तर सांगा, मी येईन. पण माझ्यापायी नगा जाऊ. तिथं तुमा गड्यांची पंगत उठली, की मग चुलीमागं आमा बायांची. दिवसभरात तुमचं तोंडबी दिसत न्हाई. हितं मी तुमच्यासमोर बसून जेवते,” ती म्हणाली. “मला न्हाई जायचं.”