पूजेला बसलेली नळी

रुचा मूळची साताऱ्याची, म्हणजे हट्टी. अमायलॉइड हे प्रथिन मेंदूच्या पेशीतल्या दुसऱ्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं, असं तिचं म्हणणं. चेन्नईच्या प्रयोगशाळेत आठ महिने ती ही जोडी जमवत होती. स्थळ काही जुळत नव्हतं. जुळलं असतं तर फिल्मवर काळी पट्टी उमटली असती, पण फिल्म दर वेळी कोरी. शेवटी तिचे मार्गदर्शक बाळकृष्ण सर यांनी सांगून टाकलं: दिवाळीपर्यंत पट्टी दिसली नाही, तर विषय बदलायचा. २००४चा ऑक्टोबर निम्मा सरला होता आणि अमायलॉइडच्या दोनच नळ्या उरल्या होत्या.

त्यातली एक तिने आयुधपूजेच्या सकाळी बर्फात ठेवली आणि ती कॉफीला गेली. परत येते तो बर्फाचा डबा धुऊन पालथा घातलेला, यंत्रांना चंदन-कुंकू लागलेलं, आणि सरस्वतीच्या तसबिरीपुढे तिची नळी. नळीलाही कुंकू.

“अम्मा, ती बर्फात लागते,” रुचा कळवळून म्हणाली.

अलमेलू अम्मा तिथल्या सगळ्यांत जुन्या तंत्रज्ञ. सरसुद्धा त्यांना वचकून असत. “पूजेला बसवलेलं आयुध उद्याच्या पूजेशिवाय उचलायचं नसतं, कण्णा,” लेकीला समजवावं तशा त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमच्याकडे नाही का करत?”

करतात. खंडेनवमीला स्वतःच्या सायकलला हात लावायची रुचाची टाप नव्हती. तिने हात मागे घेतला. एसीलाही त्या दिवशी सुट्टी. नळी उकाड्यात बसली आणि रुचाचा जीव दिवसभर वरखाली झाला.

दसऱ्याला नळी हाती आली. टाकून द्यायला हवी होती, पण बुडत्याला काडीचा आधार. तिने प्रयोग लावलाच. दोन दिवसांनी फिल्म पाहिली, तर पट्टी. चांगली ठसठशीत. अमायलॉइड न घातलेला शेजारचा रकाना स्वच्छ कोरा.

नाचावंसं वाटलं, पण ती नाचली नाही. शेवटची नळी काढली, निम्मी ताजी वापरली, निम्मी एक दिवस टेबलावर ठेवली. ताजीची फिल्म कोरी, शिळीची पट्टी. तेव्हा उलगडा झाला. सुटा अमायलॉइड त्या प्रथिनाला धरतच नाही. उबेत राहिला की त्याचे रेणू एकमेकांना बिलगून बारीक गुठळ्या होतात, आणि त्या गुठळ्याच त्या दुसऱ्या प्रथिनाला पकडतात. बर्फात ठेवून ठेवून आठ महिने तिनेच हे लग्न मोडलं होतं. मग मात्र ती नाचली.

सरांनी फिल्म उजेडाकडे धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली.

“चोवीस तासच का ठेवलंस? परीक्षक विचारतील.”

“त्याआधी अम्मांनी हात लावू दिला नाही, सर.”

सर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी खणातून एक टाइप केलेला कागद काढला. विषय बदलण्याचा अर्ज. फक्त तिची सही व्हायची होती.

“फाड,” ते म्हणाले.

रुचाला असं रडू आलं, की अर्ज आधी भिजला आणि मग फाटला.